चपटकृमींची वेळ चुकत नाही!

चपटकृमींना रक्त नाही, हृदय नाही, फुप्फुसं नाहीत. पण वेळ पाळण्यात मात्र ते पक्के! त्यातही मजा अशी, की त्यांच्यातल्या अनेकांचं वेळापत्रक दुसऱ्याच कुणाच्या तरी दिनक्रमावर बेतलेलं असतं.

हायमेनोलेपिस डिमिन्यूटा हा उंदराच्या आतड्यात राहणारा फीतकृमी घ्या. त्याला तोंडच नाही, अन्न शोषायचं ते कातडीतून. म्हणजे अन्न जिथे, तिथे पोचणं आलंच. उंदीर रात्री खातो, तेव्हा हा आतड्यात जठराच्या बाजूला सरकतो आणि दुपारी मागे जातो. संशोधकांनी उंदरांना रात्रीऐवजी दिवसा खायला घातलं, तर कृमीची ये-जाही उलटी झाली!

थक्क करतो तो शिस्टोसोमा. माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहून हा बिल्हार्झिया नावाचा रोग घडवतो. त्याची शेपटीवाली पिल्लं गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या अंगातून बाहेर पडतात आणि माणसाची कातडी भेदून आत शिरतात. बाहेर पडल्यावर ती काहीच खात नाहीत. अंगातली शिदोरी जेमतेम एक-दोन दिवसांची, त्यामुळे यजमान पाण्यात उतरेल तीच वेळ गाठायला हवी. आफ्रिकेतल्या शिस्टोसोमा मॅन्सोनीची पिल्लं भर दुपारी बाहेर पडतात, कारण धुणं-आंघोळीसाठी माणसं दिवसाच पाण्यात असतात. ग्वाडेलूप बेटावर हाच कृमी उंदरांतही मुरलाय. तिथे उंदरांवर पोसलेल्या कृमींची वेळ दुपार कलल्यावरची. ओमानमध्ये तर रात्री बाहेर पडणारा वाण सापडला. बरं, ही वेळ पिल्लं शिकत नाहीत, ती वारशाने येते. वेगवेगळ्या वेळांच्या वाणांचे संकर करून हे तपासलंय.

मुंगीची गोष्ट अंगावर काटा आणते. डायक्रोसीलियम या यकृतकृमीला मुंगीतून मेंढीच्या किंवा गाईच्या पोटात जायचं असतं. मुंगीने अनेक पिल्लं गिळली, तरी त्यातलं एखादंच तिच्या मेंदूपाशी ठाण मांडतं. मग हवा गार झाली की मुंगी गवताच्या टोकाला चढते, पातं जबड्यात घट्ट पकडते आणि चरणाऱ्या जनावराच्या तोंडी जाण्याची वाट बघत लटकते. ऊन तापलं की जबडा सुटतो, मुंगी खाली उतरते आणि इतर मुंग्यांसारखी कामाला लागते. उन्हात लटकत राहून मुंगी मेली तर कृमीचाही निकाल लागेल. डेन्मार्कमधल्या एका जंगलात मुंग्यांवर खुणा करून पाहणी केली, तेव्हा ही चढ-उतार तापमानाशी जोडलेली दिसली.

कुणाच्या पोटात न राहणारा प्लॅनेरिया मात्र स्वतःच्या घड्याळावर चालतो. दिवसा दगडाखाली पडून राहायचं, अंधारात शिकारीला निघायचं. त्याचं हे पडून राहणं म्हणजे झोपच, असं 2017 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. त्याची झोपमोड केली तर तो नंतर भरपाई करतो, आणि मेलॅटोनिन दिलं तर आणखी सुस्तावतो. मेलॅटोनिन म्हणजे आपल्या झोपेशी जोडलेलं तेच संप्रेरक!

घरी माशांची टाकी असेल, तर दिवा मालवून तासाभराने काचेवर टॉर्च मारून बघा. बाणाच्या टोकासारखं डोकं आणि दोन तिरळे डोळे दिसले, तर प्लॅनेरियाची रात्रपाळी सुरू झाली म्हणून समजा.