मैदानावर माणूस कोसळला तर...

२७ मे २०२३. लंडनच्या वेम्बली मैदानावर ल्यूटन टाउन आणि कोव्हेंट्री सिटी यांच्यात प्ले-ऑफची अंतिम लढत होती. जिंकेल तो प्रीमियर लीगमध्ये. सुरुवातीलाच ल्यूटनचा कर्णधार टॉम लॉकयर कोसळला. संघ पेनल्टीवर जिंकला तेव्हा तो रुग्णालयात होता. निदान झाले एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याचे. उपचारानंतर तो पुन्हा खेळू लागला. डिसेंबरमध्ये मात्र बोर्नमथविरुद्ध खेळताना त्याचे हृदयच बंद पडले. डिफिब्रिलेटरच्या झटक्याने तो वाचला.

भोवळ येऊन पडलेला माणूस श्वास घेत असतो. हृदय बंद पडलेला श्वास घेत नाही, किंवा नुसते आचके देतो. अशा वेळी कांदा हुंगवण्यात, पाणी पाजण्यात वेळ दवडू नका. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबत राहावे. डिफिब्रिलेटर जवळपास असेल तर लगेच मागवावा. काहीच केले नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

गावात सामने भरवताना चषकाची सोय आधी होते. छाती दाबता येणारी दोन माणसेही आधीच तयार ठेवा.