काच दिसते, सांधा गळतो

इमारतीच्या दर्शनी भागाची बैठक असली की टेबलावर आधी काचेचे तुकडे येतात. कडा घासलेले, मागे लेबल लावलेले; निळसर, हिरवट, करडे. मंडळी एकेक तुकडा उचलून खिडकीकडे धरतात, त्यातून आभाळ बघतात आणि अर्ध्या तासात रंग ठरतो. गंमत अशी, की रस्त्यावरून ती काच कुणीच अशी बघणार नाही. दिवसा उजेड बाहेर जास्त असतो, त्यामुळे बाहेरून दिसतं ते प्रतिबिंब; हातातल्या तुकड्यात दिसतो तो आरपार रंग. तरी रंग चुकला तर फार तर इमारत कुरूप दिसेल. ज्याबद्दल बैठकीत चकार शब्द निघत नाही तो सांधा चुकला, तर पहिल्याच पावसाळ्यात फॉल्स सीलिंगवर तपकिरी डाग उमटतात.

ही काचेची दर्शनी भिंत, म्हणजे कर्टन वॉल, इमारतीचं वजन पेलत नाही. खांब आणि स्लॅब आत असतात. ही भिंत स्लॅबच्या कडेला बसवलेल्या ब्रॅकेटवर मजल्यागणिक टांगलेली असते. तिला मुख्यतः दोन भार सोसायचे असतात: स्वतःचा आणि वाऱ्याचा. सहा मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे हवेची पोकळी असा दुहेरी संच घेतला, तर नुसती काचच चौरस मीटरला ३० किलो भरते. वाऱ्याचा हिशेब मात्र शहरागणिक बदलतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्यासाठी ३९. ४४ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. उंची, आजूबाजूची मोकळी जागा, इमारतीचा आकार हे सगळं त्यानंतर धरायचं. शिवाय वारा काचेला नुसता आत ढकलत नाही. इमारतीच्या कोपऱ्यांवर तो तिला बाहेर ओढतो, आणि ही ओढ बहुतेक वेळा ढकलण्यापेक्षा जास्त असते. म्हणून मधल्या भागाचं गणित करून तीच काच कोपऱ्यालाही लावणारा कंत्राटदार स्वस्त वाटला तरी परवडत नाही.

पद्धती मुख्यतः दोन. स्टिक पद्धतीत अ‍ॅल्युमिनियमचे उभे मुलियन आणि आडवे ट्रान्सम जागेवर एकेक करून जोडतात, मग काच बसवतात. यंत्रसामग्री कमी लागते, वेडावाकडा आकार सांभाळता येतो. चार-पाच मजल्यांच्या दवाखान्याला किंवा शोरूमला तेच रास्त. पण यात प्रत्येक सांध्याचा दर्जा परांचीवर उन्हात उभ्या असलेल्या फिटरच्या हातात असतो. युनिटाइज्ड पद्धतीत मजलाभर उंचीची अख्खी चौकट काचेसकट कारखान्यात तयार होते, ट्रकने येते आणि क्रेनने उचलून ब्रॅकेटवर अडकवली जाते. तिच्या कडा शेजारच्या चौकटीच्या खाचेत बसतात. काम झपाट्याने होतं, बाहेरून परांची लागत नाही. मात्र सगळे आराखडे महिनोन्‌महिने आधी पक्के करावे लागतात, आणि मधेच मालकाला एखादी खिडकी हलवावीशी वाटली तर ते महागात पडतं. चौकट जागेवर आणि काच चिकटवलेली फळी कारखान्यातून, असा मधला सेमी-युनिटाइज्ड मार्गही आपल्याकडे बराच चालतो. उंच इमारत, पुष्कळ सारखे मजले आणि खालून वाहता रस्ता असेल, तर मी युनिटाइज्डच्याच बाजूने मत देईन.

कारण भिंत हलते. चार मीटर लांबीचा मुलियन तापमानात ४० अंशांचा फरक पडला की साडेतीन मिलिमीटरहून जास्त लांब होतो. तेवढीच काच दीडच्याही आत. माणसं, कपाटं, कागदपत्रं आली की स्लॅब किंचित खाली वाकतो. युनिटाइज्ड चौकटींमधला आडवा सांधा ही हालचाल पोटात घेण्यासाठीच बनवलेला असतो. स्टिकमध्ये ती सोय मुलियनच्या जोडावर ठेवावी लागते, आणि घाईत नेमकं तिथेच सिलिकॉन भरून तो जोड जाम केला जातो.

आता पाणी. आत शिरायला त्याला वाट लागते आणि ढकलणारा जोर लागतो. वाटा सगळ्याच बुजवायच्या असं म्हटलं तर हजारो मीटर सिलिकॉन वर्षानुवर्षं कुठेही न फाटता टिकायला हवं, आणि ते होत नाही. म्हणून चांगली भिंत दुसरी बाजू धरते, ती जोरच काढून घेते. बाहेरच्या रबरी गॅस्केटमागे एक पोकळी ठेवतात आणि ती मुद्दाम छिद्रांनी बाहेरच्या हवेला जोडतात. बाहेर वाऱ्याचा दाब वाढला की पोकळीतलाही वाढतो, त्यामुळे पाण्याला आत खेचणारं काही उरत नाही. जे थोडं शिरतं ते त्याच छिद्रांवाटे खाली निथळतं. हवा अडवायचं खरं काम आतल्या, कोरड्या राहणाऱ्या गॅस्केटकडे असतं. कौलारू छपराचं तत्त्व याहून फार वेगळं नाही: कौलं एकमेकांना चिकटवलेली नसतात, तरी नीट शाकारलेलं घर गळत नाही. दुर्दैव असं, की ही छिद्रं बघून देखभालीच्या माणसाला वाटतं, गळती इथूनच आहे. तो ती सिलिकॉनने बुजवतो, आणि अडलेलं पाणी आत उतरायला लागतं.

म्हणून बैठकीत मी एकच प्रश्न निवडायला सांगेन: नमुना भिंत कुठे आणि कधी तपासणार? मोठ्या कामात खऱ्या मापाचा तुकडा प्रयोगशाळेत उभा करतात. आधी हवेची गळती मोजतात, मग दाब देऊन पाण्याचे फवारे मारतात, मग वाऱ्याचा पूर्ण भार देतात. एका चाचणीत तर विमानाचा पंखा लावून पाणी भिंतीवर झोडपतात. पहिल्या फेरीत भिंत गळली तर कंत्राटदारावर उखडू नये. दोष तिथेच सापडावा म्हणून तर हा खर्च. कारखान्यात शेकडो चौकटी तयार झाल्यावर केलेली चाचणी मात्र केवळ कागद भरण्यासाठी असते.

काच नुसत्या सिलिकॉनवर धरलेली असेल, तर ते कारखान्यात, धूळ नसलेल्या जागी, पृष्ठभाग पुसून लावलेलं असावं. जोड किती ताठ, किती लवचिक याला काय किंमत असते हे बोस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरने दाखवलं. १९७३ च्या जानेवारीतल्या वादळात तिथल्या काचा फुटून पडू लागल्या आणि साठ मजली इमारतीवर जागोजागी प्लायवूड दिसू लागलं. दुहेरी काचेतली मधली शिशाची पट्टी काचेच्या लेपाला इतकी घट्ट जोडलेली होती, की हलायला वाव नव्हता. ताण काचेवर आला. अखेर सगळ्या १०,३४४ काचा बदलल्या. आपल्याकडे वापरतात ती टफन्ड काच निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे काही वर्षांनी आपोआपही फुटू शकते. भट्टीत पुन्हा तापवून कमकुवत काचा आधीच फोडून टाकण्याची हीट सोक प्रक्रिया असते. ती करारात लिहून घ्यावी. डोक्यावर येणाऱ्या काचेला लॅमिनेशन हवंच.

उन्हाचा हिशेब दोन आकड्यांत मावतो: उष्णता किती आत येते आणि उजेड किती. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने मुंबई-पुण्यासारख्या हवामानात उत्तर सोडून इतर दिशांना पहिल्या आकड्याची कमाल मर्यादा ०.२७ ठेवली, आणि दुसरा किमान ०.२७ हवा असंही सांगितलं. ही दुसरी अट महत्त्वाची, कारण काळ्या आरशासारखी काच ऊन अडवते, पण मग भर दुपारी दिवे लावून बसावं लागतं. त्याच संहितेत खिडक्यांचं प्रमाण भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत धरलेलं आहे. पश्चिमेची भिंत पूर्ण काचेची करण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. तिथे छज्जा आणि भरीव भिंतच बरी.

आगीचं कलम कुणी वाचत नाही. जुलै २०१४ मध्ये अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कमध्ये वरच्या मजल्यांवर आग लागली आणि अग्निशमन दलाच्या एका जवानाचा जीव गेला. काचबंद इमारतीतल्या धुराचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. स्लॅबची कड आणि काचेची भिंत यांमधली फट ज्वालारोधक भरावाने प्रत्येक मजल्यावर बंद हवी, नाहीतर ती धुराचं धुराडं होते. धूर बाहेर जावा आणि जवान आत यावेत म्हणून उघडणाऱ्या झडपा लागतात. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्या दर १० मीटरवर सांगितल्या आहेत. वास्तुरेखाकाराला त्या रेषेत खुपतात. खुपू द्याव्यात.

किनाऱ्यालगत असाल तर अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद यांमधे विलगीकरणाची चकती आणि ३१६ दर्जाचे स्टेनलेस बोल्ट मागा. शेवटी चौदाव्या मजल्यावरची एक काच फुटली तर ती आतून बदलता येते की बाहेरून पाळणा सोडावा लागतो, हे सही करण्याआधी विचारा. लेप दिलेल्या काचेचा रंग प्रत्येक खेपेला थोडा बदलतो, तेव्हा त्याच खेपेतल्या काही जादा काचा तळघरात ठेवून घ्या, आणि पाणी निथळण्याच्या छिद्रांच्या जागा दाखवणारा आराखडा देखभालीच्या माणसाच्या खोलीत लावा.