नवी गाडी पहिले हजार किलोमीटर दमानं चालवा

बारामती : दसरा-पाडव्याला शोरूममधून गाडी निघते, हार पडतो, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी पोरं बारामती-इंदापूर पालखी मार्गावर मूठ पिळून बघतात. नव्या इंजिनला नेमकं हेच नडतं.

नव्या सिलिंडरच्या आतून बारीक रेघा असतात. पिस्टनच्या रिंगा त्यावर घासत हळूहळू बसतात. त्या नीट बसल्या नाहीत तर पुढं ऑइल जळतं, निळा धूर येतो आणि इंजिनकामात हजारो रुपये जातात. बारामती एमआयडीसीत २०१२ पासून व्हेस्पा बनते. तिथली स्कूटरही याला अपवाद नाही. किती वेगानं चालवायची ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतं. पण ती डिकीतच पडून राहते.

दमानं म्हणजे रखडत नव्हे. वेग कमी-जास्त होऊ द्या. टॉप गिअरला चढ चढवून इंजिन धडधडवू नका. दुधाचे कॅन आणि ट्रिपल सीट तर नकोच. सुरुवातीला कॅन जुन्या गाडीवरच राहू द्यात.

कोऱ्या टायरची पकड कमी असते, ब्रेकही पुरते बसलेले नसतात. हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं अंतर ठेवा.

पहिली सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान असते. घासलेल्या धातूचा चुरा ऑइलमध्ये उतरतो, म्हणून ऑइल बदललं का ते विचारा. सर्व्हिसिंग चुकवली तर वॉरंटीत अडचण येऊ शकते. तेव्हा पुस्तिकेवर तारीख आणि शिक्का मारून घ्या.