विद्यापीठ ग्रंथालयांतील उपेक्षित गुंतवणूक

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेस मान्यता दिली. २०२५ पासूनच्या तीन वर्षांसाठी तीत ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून तीस मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके देशातील ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुली होतील, असे त्या वेळी सांगण्यात आले. विद्यार्थी व अध्यापक यांना या भांडाराची ओळख करून देण्यासाठी मोहीम घ्यावी, असेही घोषणेत होते. ही मोहीम प्रत्यक्ष चालवावयाची कोणी? उघडच, तिचा भार विद्यापीठ-ग्रंथालयाच्या टेबलाशी बसलेल्या सेवकावर येतो. तालुक्याच्या गावाहून आलेली, घरातील पहिलीच पदवीधर असलेली संशोधक विद्यार्थिनी ज्याला भीतभीत पहिला प्रश्न विचारते तो बहुधा ग्रंथपाल नसतो. तो ग्रंथालय-सहायक असतो किंवा परिचर. त्याला या कामासाठी कोणी व किती शिकविले, या प्रश्नाचे उत्तर मात्र समाधानकारक नाही.

वास्तविक शिकविलेला माणूस ग्रंथालयात काय घडवू शकतो, याचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. मद्रास विद्यापीठाने १९२४ साली शि. रा. रंगनाथन यांची ग्रंथपाल म्हणून नेमणूक केली, तेव्हा ते प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत होते. अध्यापकाच्या तुटपुंज्या वेतनापेक्षा हे वेतन बरे, हेही या पदाकडे वळण्याचे एक कारण होते. काही दिवसांतच त्या ओसाड जागेतील एकांतास ते इतके कंटाळले की, वर्गावर परत जाऊ द्या, अशी विनंती घेऊन ते कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. अगोदर लंडनला जाऊन शिकून या, त्यानंतरही मन रमले नाही तर परत या, असा तोडगा निघाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सेयर्स यांच्या हाताखाली ते शिकले, इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये त्यांनी पायाखाली घातली आणि १९२५ मध्ये ते परतले ते पुन्हा गणिताकडे न वळण्यासाठीच. ग्रंथालयशास्त्राचे त्यांचे पाच सिद्धांत १९३१ मध्ये आणि द्विबिंदू वर्गीकरण १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले, हे सर्वश्रुत आहे. तितकेसे सर्वश्रुत नाही ते हे की, मद्रास ग्रंथालय संघाच्या वतीने १९२९ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचा उन्हाळी वर्ग सुरू केला व दोनच वर्षांत तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. एका माणसाच्या शिक्षणावर केलेला खर्च अशा रीतीने इतरांच्या शिक्षणात उतरला.

पुढे शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकादमिक स्टाफ कॉलेजे काढली आणि अध्यापकांबरोबर ग्रंथपालांनाही तेथील उजळणीवर्ग खुले झाले. साहायक ग्रंथपाल, उपग्रंथपाल यांची बढती अशा अभ्यासक्रमांशी जोडली गेली. या केंद्रांची नावे २०१५ मध्ये बदलली, २०२३ मध्ये पुन्हा बदलली आणि आता तर नावातच ‘शिक्षक प्रशिक्षण’ आले आहे. (नामांतराची आपल्याला विलक्षण हौस! २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमाने महाराष्ट्रात विद्यापीठ-ग्रंथालयाचे ‘ज्ञानस्रोत केंद्र’ झाले.) परंतु ही सारी शिडी साहायक ग्रंथपालाच्या पायरीपासून सुरू होते. त्याखालचा वर्ग ‘शिक्षकेतर’ ठरतो, आणि ग्रंथालयात वाचकाचा संबंध येतो तो मुख्यतः याच वर्गाशी.

या वर्गाचे काम गेल्या तीस वर्षांत मुळापासून बदलले. दाखल नोंदवही, तालिकापत्रांचे लाकडी खण व देवघेवीची कार्डे यांच्या जागी संगणक आला. ‘इन्फ्लिबनेट’ने विद्यापीठांसाठी ‘सोल’ ही आज्ञावली तयार केली व तिचे वर्गही चालविले. ही कामगिरी मोलाचीच. परंतु चार-सहा दिवसांच्या वर्गाला पाठविलेला सेवक परत येतो तेव्हा त्याने शिकलेले इतरांना शिकवावे यासाठी वेळापत्रकात एक तासही राखलेला नसतो. प्रमाणपत्र सेवापुस्तिकेत लागते आणि प्रकरण तेथेच संपते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी स्वतःच्या खर्चाने घेतलेले परिचरही आढळतात. वरची जागा भरली जात नसल्याने पदवी घेऊनही त्यांच्या हाती पूर्वीचेच काम राहते. त्यांनी पुढे शिकावे कशाच्या आशेवर?

अर्थशास्त्रात शिक्षणावरील खर्चाकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याची दृष्टी थिओडोर शुल्झ यांनी १९६१ च्या सुमारास आग्रहाने मांडली. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार वेगळे केले: कोठेही उपयोगी पडणारे सर्वसाधारण आणि त्या एकाच संस्थेत उपयोगी पडणारे विशिष्ट. पहिल्याचा खर्च मालक सहसा करीत नाही, कारण शिकलेला माणूस दुसरीकडे जाण्याची भीती असते. दुसऱ्याचा खर्च करणे त्याच्याच हिताचे असते. ग्रंथालयातील कौशल्याचा फार मोठा भाग या दुसऱ्या प्रकारात मोडतो. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड कोणत्या मजल्यावर हलविले, देणगीदाखल आलेला कोणता संग्रह अद्याप यादीत चढलेला नाही, हे ज्ञान बाजारात विकले जात नाही. ते त्या इमारतीतच उपयोगी पडते आणि जाणत्या सेवकाच्या निवृत्तीबरोबर इमारतीबाहेर जाते. ‘शिकवले की जातात’ ही प्रशासनाची नेहमीची तक्रार म्हणूनच अर्धीच खरी आहे. न शिकलेले राहतात, त्याची किंमत कोणी मोजत नाही.

अमेरिकेतील संशोधन-ग्रंथालय संघटनेने १९७० मध्ये विद्यापीठ-ग्रंथालयांच्या व्यवस्थापनाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र कार्यालय उघडले. सेवक-विकास हेच ज्यांचे काम, अशी पदे तेथील मोठ्या ग्रंथालयांत आहेत. वर्गीकरण किंवा देवघेव यांत काही वर्षे घालविलेली व्यक्ती सहकाऱ्यांना शिकविण्याकडे वळते आणि त्यातच आपली कारकीर्द घडविते. आपल्याकडे अशी ओढ असणारी माणसे नाहीत, असे नव्हे. नव्या सेवकाला जवळ बसवून काम समजावून सांगणारे एखादे ज्येष्ठ सहायक अनेक ग्रंथालयांत भेटतात. आकृतिबंधात त्या कामास नाव नाही, बढतीच्या तक्त्यात त्यास गुण नाहीत, एवढेच. अमेरिकेतील पदांची हुबेहूब नक्कल येथे परवडणार नाही आणि तिची गरजही नाही. एका उपग्रंथपालाकडे निम्मा वेळ हे काम अधिकृतपणे सोपवावे, आठवड्यातील दोन तास देवघेव बंद ठेवून सर्व थरांतील सेवकांना एकत्र बसवावे आणि शिकविणाऱ्याच्या कामाची नोंद गोपनीय अहवालात व्हावी, इतके नव्या पदाविना करता येण्याजोगे आहे. देवघेव दोन तास बंद राहिल्याची ओरड होईल, ती सोसावी.

विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प सामान्यतः मार्चमध्ये अधिसभेपुढे येतो. ग्रंथखरेदी, नियतकालिके, बांधणी, संगणकाची देखभाल अशी शीर्षे त्यात ग्रंथालयाखाली असतात. सेवकांच्या प्रशिक्षणाचे स्वतंत्र शीर्ष आहे काय, असल्यास गतवर्षी त्यातील किती रक्कम खर्च झाली आणि ती कोणत्या श्रेणीतील सेवकांवर, एवढे तीन प्रश्न एखाद्या सदस्याने लेखी विचारावयास हरकत नाही.