एकाच उतारावरचे अनेक गहू

सातारा-सांगलीकडे खिरीसाठी आवर्जून पेरल्या जाणाऱ्या खपलीचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातला रानगहू. इस्रायल-सीरियापासून आग्नेय तुर्कस्तान आणि इराणपर्यंतच्या खडकाळ उतारांवर तो आपोआप उगवतो. १९०६ साली आरोन आरोनसोन या कृषिशास्त्रज्ञाला तो गॅलिलीतल्या रोश पिना गावाजवळ, खडकाच्या फटीत उगवलेला सापडला.

लागवडीच्या गव्हाची ओंबी मळणीपर्यंत दाणे धरून ठेवते. रानगव्हाची ओंबी मात्र पिकली की सांध्यांतून सुटते. सुटलेल्या तुकड्याला दोन लांब कुसळे असतात. रात्रीच्या दमट हवेत ती जवळ येतात, दिवसा सुकून फाकतात आणि या रोजच्या हालचालीने दाणा मातीत रुतत जातो. तो फार लांब जात नाही. शिवाय परागीभवन बहुतेक त्याच फुलात होते. त्यामुळे रानगव्हाच्या प्रत्येक वस्तीला आपापले जनुकीय वळण लागते.

हैफा विद्यापीठातील एव्हियातार नेव्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक वस्त्या तपासल्या. शेजारच्या वस्त्या एकमेकींसारख्या असतील, हा साधा अंदाज तिथे टिकला नाही. जवळच्या दोन वस्त्यांत कित्येकदा दूरच्या वस्त्यांपेक्षा जास्त फरक निघाला, कारण पाऊस, उष्मा आणि माती पावलागणिक बदलतात. इस्रायलमधल्या अम्मियाद इथल्या लहानशा क्षेत्रातसुद्धा माथ्यावरची आणि उतारावरची झाडे जनुकांनी वेगळी आहेत. म्हणूनच एका ठिकाणाहून मूठभर ओंब्या आणून हा ठेवा हाती येत नाही.

आणि ठेवा खरोखर मोठा आहे. पिवळ्या तांबेऱ्याला रोखणारे 'वायआर-१५' हे जनुक रानगव्हातूनच मिळाले. 'जीपीसी-बी१' हे दुसरे जनुक पाने लवकर पिकवते आणि त्यांतले नत्र, लोह, जस्त दाण्यात उतरवते. लागवडीच्या बहुतेक गव्हांत त्याचे काम बंद पडलेले आहे.

१९८० आणि २००८ साली इस्रायलमधल्या त्याच दहा वस्त्यांतून बियाणे गोळा करून ते शेजारी शेजारी वाढवले गेले. नंतरच्या बियाण्याची झाडे सरासरी आठ-नऊ दिवस लवकर फुलोऱ्यावर आली. तापत्या हवामानाला रानगहू जागच्या जागी उत्तर देत होता. मात्र याच काळात त्याची जनुकीय विविधता घटल्याचेही दिसले. बीजपेढीत ठेवलेल्या बियाण्यात असा बदल होत नाही. तो होण्यासाठी उतारावरच्या वस्त्याच शाबूत असाव्या लागतात.