लिनक्सवरील लहानगा बाण

नव्या लॅपटॉपवर लिनक्स घातलें; डोळ्यांना ताण पडूं नये म्हणून अक्षरें मोठीं केलीं; आणि पाहावें तों माऊसचा बाण मुंगीएवढाच राहिलेला! कधीं तो एका खिडकींत मोठा दिसतो आणि दुसरींत शिरतांच आक्रसतो. अशा वेळीं वयस्क गृहस्थ यंत्र बिघडलें असें समजून हातपाय गाळतात, आणि कोणी हितचिंतक सर्व कांहीं पुसून लिनक्स पुन्हां घालण्याचा सल्ला देतो. त्या पुसापुशींत घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें जावयाचीं, आणि बाण बहुधा पूर्वीसारखाच राहावयाचा. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, त्यांतलाच हा प्रकार.

मूळ कारण साधें आहे. पडद्यावरील चित्र सूक्ष्म ठिपक्यांचें बनतें. या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. बाणाचें ठरीव माप बहुधा २४ पिक्सेल असतें. इंचांत ९६ पिक्सेल मावणाऱ्या जुन्या पडद्यावर तें पाव इंच भरतें. परंतु १५.६ इंची, ३८४० × २१६० पिक्सेलांच्या पडद्यावर एका इंचांत सुमारें २८२ पिक्सेल बसतात. तेथें तेच २४ पिक्सेल इंचाच्या बाराव्या हिश्श्यांत आटोपतात.

मग अक्षरांबरोबर बाण कां वाढत नाहीं? कारण दोहोंचे आंकडे निरनिराळ्या ठिकाणीं लिहिलेले असतात. शिवाय पडदा मांडण्याच्या पद्धतीहि दोन: १९८४ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत जन्मलेली एक्स, आणि २००८ सालीं सुरू झालेली वेलँड. एक्ससाठीं लिहिलेले प्रोग्राम वेलँडवर एक्सवेलँड नांवाच्या दुभाष्याकरवीं चालतात. आपल्या खिडकीपुरतें बाणाचें चित्र बहुधा प्रत्येक प्रोग्रामच पुरवितो. त्यास निराळा आंकडा मिळाला कीं त्या खिडकींत बाणाचा आकार बदलतो.

उपाय क्रमानें करावा. ग्नोम पद्धतीच्या लिनक्समध्यें ‘सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्लेज’ उघडून रिझोल्यूशन पडद्याच्या मूळ मापाचें आहे कीं नाहीं, तें पाहावें. अक्षरें व चित्रें बारीक असल्यास ‘स्केल’ १०० टक्क्यांवरून २०० करावें. नंतर ‘ॲक्सेसिबिलिटी’च्या ‘सीइंग’ विभागांत ‘कर्सर साइझ’ एक पायरी वाढवावी. मग लॉग आउट करून पुन्हां लॉग इन करावें. कारण कित्येक प्रोग्राम हा आंकडा सुरू होतांना एकदांच वाचतात. बाण पडद्याच्या कडेबाहेर नाहींसा होत असेल, तर ‘डिस्प्लेज’मध्यें दुसरा पडदा नोंदलेला आहे काय, तें पाहावें, केबलनें जोडून ठेवलेला टीव्ही तेथें आढळण्याचा संभव असतो.

इतक्यानेंहि भागलें नाहीं, तर त्याच लॅपटॉपवर दुसऱ्या नांवाचें एक खातें उघडावें. तेथें बाण नीट दिसला, तर यंत्र निर्दोष असून दोष जुन्या खात्याच्या आंकड्यांत आहे, हें सिद्ध झालें. तेथेंहि दोष दिसला, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स केवळ चालवून पाहावें. ‘इन्स्टॉल’ मात्र निवडूं नये, म्हणजे डिस्कवरील मजकुरास धक्का लागत नाहीं.

प्रत्येक वेळीं एकच आंकडा बदलावा, आणि जुना आंकडा आधीं कागदावर टिपून ठेवावा. म्हणजे चुकलें तरी परतण्याची वाट मोकळी राहते, आणि एवढ्याशा बाणापायीं घरच्या छायाचित्रांवर पाणी सोडण्याची वेळ येत नाहीं.