सोमवार, दुपारी तीन ते पाच

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प कसा वाचावा, हा विषय या आठवड्यासाठी मुक्रर केला होता. परंतु दरम्यान सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न इतका मर्माचा आहे की, अर्थसंकल्पाला आठ दिवस थांबवून त्याचाच परामर्श आधी घ्यावा, असे मला वाटले. गुरुजींनी आपल्या आळीतील काँक्रीटच्या रस्त्यासंबंधी, मागील लेखात दिलेल्या मसुद्याबरहुकूम, माहितीचा अर्ज केला. कार्यालयाने तो नाकारला नाही, दुसऱ्या खात्याकडे टोलवला नाही, मुदतीच्या आत रीतसर उत्तर धाडले : मागितलेले कागद ४१२ पानांचे आहेत, प्रतिपृष्ठ २ रुपयांप्रमाणे ८२४ रुपये भरावेत, म्हणजे नकला मिळतील. गुरुजी विचारतात, ही रक्कम निवृत्तिवेतनातून भरावी, की हा नाद सोडून द्यावा?

दोहोंपैकी काहीच करू नये, असे माझे उत्तर आहे. नकला मागण्याच्या आधी नस्ती पाहावयास मागावी. आणि पाहून झाल्यावर ज्या आठ-दहा पानांवाचून अडते, तेवढ्यांच्याच प्रमाणित नकला घ्याव्यात. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा अधिनियम लोकांच्या तोंडी आहे, पण त्यातून त्यांना ठाऊक असते ते बहुधा अर्ज, दहा रुपयांचे तिकीट आणि तीस दिवस एवढेच. त्याच अधिनियमाच्या कलम २ (ञ) मध्ये या अधिकारात काय काय मोडते हे सांगताना अगदी पहिल्याच पोटकलमात, नकलांचा उल्लेख येण्याच्याही आधी, काम, दस्तऐवज व अभिलेख यांची पाहणी करण्याचा हक्क सांगितला आहे; त्यामागून टिपणे, उतारे व प्रमाणित प्रती घेण्याचा, आणि त्याच्याही मागून साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. पाहणीच्या पहिल्या तासास काही आकार पडत नाही, आणि पुढेही तो इतका माफक असतो की, ४१२ पानांच्या नकलांशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

महाराष्ट्रात तर याहून पुढची सोय आहे. पुणे महानगरपालिकेत सोमवारी दुपारी नागरिकांना अभिलेख पाहू देण्याचा पायंडा पडला होता. तो उपयुक्त ठरलेला पाहून राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी परिपत्रक काढले आणि जिल्हा पातळीवरील कार्यालये, त्यांच्या हाताखालची कार्यालये, तसेच महानगरपालिका, जिल्हा परिषदा आदी स्थानिक संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख अवलोकनासाठी खुले ठेवावेत, असे ठरवून दिले. या दोन तासांचा लाभ घेणारी माणसे अजून फार थोडी आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण चावडीवर, कट्ट्यावर आणि वाढत्या आवाजाच्या सभांतून ज्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे नुसते तर्क लढवले जातात, त्यांतील कितीतरी प्रश्न या दोन तासांत एका टेबलाशी बसून मिटू शकतात.

आता, नक्कल आणि नस्ती यांत एवढा भेद काय, असे कोणी विचारील. नक्कल ही सुट्या पानांची असते. नस्ती ही एका क्रमाने बांधलेली वस्तू असते, आणि पुष्कळदा जे कळावयाचे ते त्या क्रमातूनच कळते. सरकारी नस्तीला दोन बाजू असतात : एक टिपणीची, दुसरी पत्रव्यवहाराची. पत्रव्यवहाराच्या बाजूस बाहेरून आलेली व बाहेर गेलेली पत्रे, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, देयके असे कागद लागलेले असतात. टिपणीच्या बाजूस लिपिकाने मांडलेला प्रस्ताव, त्यावर वरच्या अधिकाऱ्याचा अभिप्राय, त्याच्याही वरच्याचा शेरा, आणि प्रत्येकाखाली सही व तारीख. कोणी काय केले हे पहिल्या बाजूस दिसते. ते का केले, कोणाच्या सांगण्यावरून केले आणि कोणी नको म्हटले असताना केले, हे दुसऱ्या बाजूस दिसते. म्हणून नस्ती हाती येताच आधी टिपणीची बाजू उघडावी. एका कार्यालयात मला केवळ पत्रव्यवहाराची बाजू समोर ठेवण्यात आली होती, आणि टिपणी ही आमची आपसातली बाब आहे असे सांगण्यात आले होते. असे कोणी म्हणाल्यास न चिडता अधिनियमातील ‘माहिती’ व ‘अभिलेख’ यांच्या व्याख्या दाखवाव्यात : पहिलीत अभिप्राय व सल्ले येतात, दुसरीत अख्खी नस्ती येते.

टिपण्यांचे महत्त्व सरकारही जाणून आहे. २००६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने टिपण्या या कायद्याच्या कक्षेतून वगळण्याच्या दुरुस्तीस मान्यता दिली होती; त्याविरुद्ध देशभर आवाज उठला, आळंदी येथे अण्णा हजारे यांनी उपोषण केले, आणि ती दुरुस्ती मागे ठेवावी लागली. इतक्या झगड्याने राखलेली बाजू आपण उघडूनही पाहू नये, हे बरे नव्हे.

गुरुजींच्या रस्त्याकडे वळू. तिथे माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका. ही एक साधी बांधीव वही असते. तिची पाने आधीच क्रमांक घातलेली असतात; त्यातील पान फाडावयाचे नाही, नोंद खोडून काढावयाची नाही, चुकली तर तीवर आडवी रेघ मारून शेजारी सहीनिशी दुरुस्ती करावयाची, असा दंडक आहे. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर घेतलेली मापे तीत नोंदवावयाची, वरिष्ठाने ती तपासावयाची, आणि त्या मापांवरून ठेकेदाराचे देयक निघावयाचे, अशी ही शृंखला असते. तिच्या रकान्यांत नग, लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी गुणाकार एवढेच असते; चौथीतल्या मुलाला पडताळता येईल असे गणित. समजा, १२० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड असा रस्ता नोंदला आहे. तर काँक्रीट झाले ५४ घनमीटर. लांबी आणि रुंदी गुरुजी आपल्या टेपाने मोजू शकतात. जाडीसाठी रस्त्याची कड पाहावी. बाजूपट्टीत मुरूम भरावयाचा राहिला असेल तिथे काँक्रीटचा थर उघडा दिसतो. तो सर्वत्र १० सेंटिमीटरच निघाला, तर प्रत्यक्षात काँक्रीट ३६ घनमीटरच पडले, आणि १८ घनमीटरांचे, म्हणजे एक तृतीयांश मालाचे पैसे रस्त्यात न पडलेल्या काँक्रीटपोटी गेले, असे होते. मात्र एका ठिकाणच्या कडेवरून निष्कर्ष काढू नये. पाच-सहा ठिकाणी मोजून, प्रत्येक जागेचे अंतर लिहून, मगच लेखी विचारणा करावी. कायद्यात कामाची पाहणी व साहित्याचे प्रमाणित नमुने हे दोन्ही हक्क आहेतच. तेव्हा जाडीबद्दल वाद पडल्यास रस्त्यातून गाभा काढून नमुना द्यावा, असा अर्ज करता येतो.

मापांच्या खालोखाल तारखा. मी नस्ती चाळताना वहीच्या एका पानावर फक्त तारखा उतरवून घेतो, खाली खाली, कागदाचे नाव व पृष्ठक्रमांक शेजारी मांडून. आणि मग त्या पानाकडे निवांतपणे पाहतो. कार्यारंभ आदेशाच्या आधीची मापे आढळली, तर काम आधी आणि मंजुरी मागाहून असा उलटा प्रवास झाला आहे, हे उघड होते. काँक्रीटच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. काँक्रीट घातले त्या दिवशी त्याचे ठोकळे पाडून ठेवतात व सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत दाबून पाहतात. त्यातील अठ्ठावीस दिवसांची चाचणी निर्णायक मानली जाते. तेव्हा काँक्रीट पडल्यापासून अठ्ठावीस दिवस होण्याच्या आतच अंतिम देयक अदा झाले असेल, तर त्या देयकामागे ही चाचणी असूच शकत नाही. आणि तसा अहवाल नस्तीत लागलेला दिसला, तर त्यावरील तारीख दोनदा वाचावी.

परंतु दोष हुडकण्यासाठीच नस्ती पाहावयाची असते, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. एका गावी पुलाच्या कामाबद्दल सारे लोक ज्या कनिष्ठ अभियंत्याच्या नावाने बोटे मोडत होते, त्यानेच वाळूत माती असल्याबद्दल टिपणी लिहून काम थांबविण्याची शिफारस केलेली होती, आणि तीही एकवार नव्हे; वरून काही उत्तर न आल्याने ती तशीच पडून राहिली होती. ती पाने त्या गावच्या दोघा-चौघांनी वाचली आणि पुढच्या ग्रामसभेत त्या अभियंत्याबद्दलचा बोलण्याचा सूरच पालटला. प्रामाणिक नोकराला कागदाइतका भक्कम साक्षीदार दुसरा नसतो. आणि तो साक्षीदार वाचणाऱ्याविना मुका राहतो.

इथे थोडे विषयांतर करतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडात बांधलेले कागदांचे हजारो रुमाल इंग्रजी अमलात पडून होते आणि सामान्य अभ्यासकाला तिथे सहजासहजी प्रवेश मिळत नसे. पुढे बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे ते काम आले, आणि १९३० ते १९३४ या अवधीत त्यांनी त्या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. एवढ्या मोठ्या माणसाच्या एवढ्या मोठ्या कार्याशी आपल्या आळीतील रस्त्याची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण दरबारी रोजकीर्दी, हिशेब आणि पत्रे ही ज्यांनी लिहिली त्यांनी इतिहासासाठी लिहिली नव्हती, रोजच्या कारभारासाठी लिहिली होती. आणि तरीही मूळ कागद, मूळ क्रमाने, स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याखेरीज कारभाराबद्दल बोलू नये, ही शिस्त आपल्या इतिहाससंशोधकांनी महाराष्ट्राला लावून दिली आहे. अठराव्या शतकातील जमाखर्चाला जी शिस्त आपण लावतो, ती चालू वर्षाच्या जमाखर्चाला का लावू नये, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. सोमवारी आयत्या वेळी गेल्यास नस्ती दुसऱ्या शाखेत आहे किंवा अभिलेख कक्षातून काढावयाची आहे, असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. म्हणून आधीच्या आठवड्यात जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे एक अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे माहितीचा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, तेव्हा हाही तसाच आटोपशीर लिहावा : ‘अमुक रस्त्याच्या कामाची संपूर्ण नस्ती, टिपणीच्या बाजूसह, तसेच अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप पुस्तिका, चाचणी अहवाल व देयके अवलोकनार्थ मिळावीत.’ कारण लिहू नये. कलम ६ (२) प्रमाणे ते विचारताही येत नाही. शक्यतो दोघांनी जावे, एकाने वाचावे व दुसऱ्याने लिहावे. जवळ पेन्सिल ठेवावी, म्हणजे मूळ कागदावर शाई सांडली अथवा काही लिहिले, असा संशय येण्यास जागा राहत नाही. पृष्ठक्रमांक सलग आहेत की नाहीत हे सुरुवातीसच पाहून घ्यावे, आणि मधले पान नसेल तर निघण्यापूर्वी तसे लेखी कळवून पोच घ्यावी. फार जुना कागद हवा असेल तर तो कोणत्या वर्गात आहे हे आधी विचारावे. आपल्याकडील अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले असून अ वर्गातील कागद कायमचे व ब वर्गातील ३० वर्षे जपावयाचे असतात, बाकीच्यांचे आयुष्य त्याहून बरेच कमी असते. क आणि ड वर्गांतील कागदांबाबत म्हणूनच दिरंगाई परवडत नाही.

आणि ज्याच्यामुळे नस्ती आपल्यापुढे येते, त्या अभिलेखपालाशी सौजन्याने वागावे. तो बहुधा एकटा असतो, त्याच्या खोलीत उजेड कमी आणि धूळ फार असते, आणि त्याने त्या दिवशी आपल्यासाठी फडताळाच्या वरच्या खणातून काही काढलेले असते.

म्हापशाहून एका भगिनींनी विचारले आहे की, ही सोमवारची सोय गोव्यातही आहे काय? वर सांगितलेले परिपत्रक महाराष्ट्र शासनाचे आहे, त्यामुळे ते गोव्यास लागू नाही. परंतु पाहणीचा हक्क केंद्रीय अधिनियमाने दिलेला असल्याने तेथे अर्ज करून तो बजावता येतो. गोव्याने तर १९९७ सालीच, केंद्राच्या आठ वर्षे आधी, स्वतःचा माहितीच्या अधिकाराचा कायदा केला होता. बेळगावच्या वाचकांनाही हेच उत्तर; कर्नाटकाने आपला कायदा २००० साली केला होता आणि महाराष्ट्राने २००२ साली.

गुरुजींनी येत्या सोमवारनंतर काय आढळले ते कळवावे. त्यांच्या मोजमाप पुस्तिकेतील आकडे आले, तर पुढील लेखात अर्थसंकल्प वाचताना रस्त्यांचे लेखाशीर्ष आपण त्यांच्याच रस्त्याच्या आधारे उलगडू; न आले, तरी अर्थसंकल्प मात्र आता पुढे ढकलणार नाही.